माध्यमिक स्तरावरील रसायनशास्त्रातील मूलभूत संकल्पना : मराठी पाठ्यपुस्तकीय मांडणीची चिकित्सा

सारांश :
इयत्ता आठवी ते दहावीच्या टप्प्यावर विद्यार्थी अणू, रेणू, संयुजा, मोल, आम्ल-आम्लारी व ऑक्सिडीकरण-क्षपण या संकल्पना शिकतो. उच्च माध्यमिक व पदवी स्तरावरील रसायनशास्त्राची सर्व इमारत याच संकल्पनांवर उभी असते. महाराष्ट्र राज्याच्या मराठी माध्यमाच्या पाठ्यपुस्तकांत या संकल्पना कशा मांडल्या जातात, त्या मांडणीचे बलस्थान कोणते व उणीव कोणती, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे. संकल्पनांच्या आकलनातील अडचणीचे खापर मराठी परिभाषेवर फोडले जाते; प्रत्यक्षात अडचण परिभाषेत नसून, संकल्पना ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जन्माला आली तो प्रश्न वगळून केवळ व्याख्या देण्याच्या पद्धतीत आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : संकल्पना, परिभाषा, संयुजा, मोल, क्षार, ऑक्सिडीकरण, पाठ्यपुस्तक.

प्रस्तावना :
'विद्यार्थ्यांचा पाया कच्चा आहे' हे वाक्य कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालयांच्या प्राध्यापक कक्षात दरवर्षी ऐकू येते. दहावीला विज्ञानात उत्तम गुण मिळविलेला विद्यार्थी अकरावीच्या पहिल्या सत्रात मोल संकल्पनेवरील साध्या उदाहरणापाशी अडखळतो. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत याचे कारण तत्काळ भाषेत शोधले जाते. अनेक शाळांनी सेमी-इंग्रजीचा मार्ग पत्करला तो याच समजुतीतून. परंतु ज्याला 'संयुजा' कळलेली नाही, त्याला 'व्हॅलन्सी' म्हटल्याने ती कळते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाची, म्हणजेच बालभारतीची, स्थापना १९६७ साली झाली. मंडळाने नववीचे 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' हे पुस्तक २०१७ साली व दहावीचे २०१८ साली नव्या स्वरूपात आणले. आठवीतील 'द्रव्याचे संघटन', नववीतील 'द्रव्याचे मोजमाप' आणि 'आम्ल, आम्लारी व क्षार', दहावीतील 'मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण', 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' आणि 'कार्बनी संयुगे' ही प्रकरणे प्रस्तुत विवेचनाच्या केंद्रस्थानी आहेत. 'करून पहा', 'सांगा पाहू', 'जरा डोके चालवा' अशा चौकटींतून विद्यार्थ्याला कृतीकडे व विचाराकडे वळविण्याचा या पुस्तकांचा प्रयत्न स्वागतार्ह आहे, हे प्रारंभीच नमूद करणे आवश्यक आहे.

आकलनाचे तीन स्तर :
ग्लासगो विद्यापीठातील रसायनशिक्षणाचे अभ्यासक अ‍ॅलेक्स जॉनस्टन यांनी १९८२ व १९९१ साली मांडलेला विचार या चर्चेस उपयुक्त ठरतो. रसायनशास्त्र एकाच वेळी तीन स्तरांवर बोलते. पहिला स्तर डोळ्यांना दिसणाऱ्या पदार्थाचा, दुसरा न दिसणाऱ्या कणांचा आणि तिसरा सूत्रे व समीकरणे या चिन्हांचा. तज्ज्ञ व्यक्ती या तीन स्तरांवर सहज ये-जा करते आणि आपण स्तर बदलला हे तिच्या ध्यानातही येत नाही. नवशिक्याच्या दृष्टीने मात्र हे तीन वेगळे प्रदेश असतात.

शिक्षक मॅग्नेशिअमची फीत जाळून दाखवितो, लगेच फळ्यावर समीकरण लिहितो आणि त्याच दमात 'मॅग्नेशिअम दोन इलेक्ट्रॉन देते' असे सांगतो. येथे एका मिनिटात तिन्ही स्तर ओलांडले गेले. विद्यार्थी यांपैकी परीक्षेत विचारला जाणारा चिन्हांचा स्तर तेवढा पाठ करतो. नुरेनबर्न व पिकरिंग या अमेरिकी अभ्यासकांनी १९८७ साली असे दाखवून दिले की, वायूंच्या नियमांवरील आकडेमोड अचूक करणारे महाविद्यालयीन विद्यार्थी त्याच नियमावरील कणांच्या चित्राचा साधा प्रश्न सोडवू शकत नाहीत. ते विद्यार्थी इंग्रजी माध्यमाचेच होते, ही बाब लक्षणीय आहे.

अणू आणि रेणू : शब्दांचा वारसा :
'अणू' व 'रेणू' हे शब्द मराठीने संस्कृत परंपरेतून घेतले. वैशेषिक दर्शनात परमाणू हा अविभाज्य कण होय. दोन परमाणूंचे द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक. हे त्र्यणुक म्हणजे कवडशात तरंगणाऱ्या धुलिकणाएवढे. 'रेणू' या शब्दाचा मूळ अर्थही धूळ असाच आहे. म्हणजे दोन्ही शब्द पदार्थाचे बारीक बारीक तुकडे करीत जाण्याची कल्पना मनात उभी करतात. बारीक तुकड्यात मूळ पदार्थाचे गुण तसेच राहतात, अशी समजूत त्यातून सहज रुजते. तांब्याचा एक अणूही तांबूस व ठोकून पसरणारा असेल काय, या प्रश्नावर इस्राएलमध्ये १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बऱ्याच विद्यार्थ्यांनी होकारार्थी कल दाखविला होता. रंग, वर्धनीयता, वितळणबिंदू हे असंख्य अणूंच्या समुदायाचे गुण आहेत, एकट्या अणूचे नव्हेत. पाठ्यपुस्तकातील 'मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण' अशा धर्तीची व्याख्या हा भेद स्वतःहून स्पष्ट करीत नाही.

दुसरी अडचण शेजारच्या भाषेची आहे. हिंदीत अणूला 'परमाणु' आणि रेणूला 'अणु' म्हणतात. मराठीतील 'अणुऊर्जा' हिंदीत 'परमाणु ऊर्जा' होते. आजचा विद्यार्थी प्रवेशपरीक्षांची तयारी करताना हिंदी पुस्तके व ध्वनिचित्रफितीही वापरतो. तेथे 'अणु' हा शब्द कानी पडताच तो आपल्या अर्थाने घेतो आणि चुकतो. मराठी पाठ्यपुस्तकात यासंबंधी दोन ओळींची टीप पुरेशी होईल.

तिसरी बाब अधिक गंभीर आहे. मराठी शालेय व्यवहारात आयनिक संयुगाच्या सूत्रालाही 'रेणुसूत्र' म्हणण्याचा प्रघात आहे. मिठाच्या स्फटिकात रेणू नसतो. प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइड आयनाभोवती सहा सोडिअम आयन अशी अखंड रचना असते. 'मिठाचा रेणू' म्हणताच विद्यार्थ्याच्या मनात एक सोडिअम व एक क्लोरीन अशी जोडी पक्की होते. पुढे विद्राव्यता, वितळणबिंदू व विद्युतवहन शिकताना ही जोडी सतत आड येते.

संयुजा : कोष्टक की कारण ?
'संयुजा' हा शब्द मराठी परिभाषेचे यश मानावे लागेल. जुळण्याची क्षमता हा अर्थ शब्दातच आहे. 'संयोग', 'संयुग', 'सहसंयुज' अशी त्याची भावंडेही विद्यार्थ्याला भेटतात. परंतु वर्गात या शब्दकुलाकडे लक्ष वेधले जात नाही. संयुजांचे कोष्टक पाठ करून घेतले जाते आणि तिरकस गुणाकाराने सूत्र तयार करण्याची रीत दिली जाते.

ही रीत आयनिक संयुगांपुरती उपयोगी आहे, याविषयी दुमत नाही. तिची मर्यादा मात्र सांगितली जात नाही. कार्बनची संयुजा चार व हायड्रोजनची एक घेऊन तिरकस गुणाकार केल्यास केवळ मिथेन मिळतो. दहावीत 'कार्बनी संयुगे' शिकताना दोन कार्बन व सहा हायड्रोजन असलेला इथेन समोर येतो, तेव्हा ही रीत निरुत्तर होते. दोन कार्बन अणू एकमेकांना जोडले गेले आहेत, हे रचनेचे चित्र काढल्याशिवाय कळत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाबतीतही हेच घडते. रीत का चालते हे माहीत नसलेला विद्यार्थी ती कोठे चालणार नाही, हेही ओळखू शकत नाही.

संयुजेचे कारण म्हणून अष्टकाचा नियम येतो. 'अष्टक पूर्ण करण्यासाठी सोडिअम एक इलेक्ट्रॉन देतो' या वाक्यात अणूला जणू इच्छा आहे असे सूचित होते. ब्रिटिश अभ्यासक कीथ टेबर यांनी १९९८ साली दाखविल्याप्रमाणे, विद्यार्थी या वाक्याला सर्व रसायनशास्त्राचे स्पष्टीकरण मानू लागतात. वस्तुस्थिती अशी की, वायुरूप सोडिअम अणूपासून इलेक्ट्रॉन वेगळा करण्यास मोलमागे सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्च होते. क्लोरीन अणूने तो स्वीकारल्याने सुमारे ३४९ किलोज्यूल परत मिळते. म्हणजे केवळ देवघेव पाहिली तर व्यवहार तोट्याचा आहे. हा तोटा भरून निघतो तो विरुद्ध प्रभारांचे आयन स्फटिकात एकत्र आल्याने मुक्त होणाऱ्या सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जेतून. हे आकडे नववीत द्यावेत असे नाही. परंतु 'अणूला अष्टक हवे असते' याऐवजी 'विरुद्ध प्रभारांच्या आकर्षणामुळे संयुग स्थिर होते' असे म्हणणे नववीतही शक्य आहे आणि पुढे ते खोडून काढावे लागत नाही.

मोल : मोजण्याचा नव्हे, तोलण्याचा प्रश्न :
माध्यमिक स्तरावरील सर्वांत दुर्बोध संकल्पना म्हणून मोलचा उल्लेख होतो. ती समजावताना डझनाचे उदाहरण सर्रास दिले जाते : डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे अव्होगाड्रो अंकाएवढे कण. हे साम्य अर्धेच आहे. डझनभर आंबे मोजून घेता येतात. मोलभर कण कोणीही मोजून घेत नाही. मोलची गरज पडते ती मोजता येत नाही म्हणूनच.

येथे सुताराच्या खिळ्यांचे उदाहरण अधिक उद्बोधक ठरेल. सुतार खिळे वजनावर विकत घेतो, परंतु वापरतो नगावर. एका खिळ्याचे वजन ठाऊक असेल तर तोलूनच संख्या कळते. बोल्ट व नट समान संख्येने हवे असतील तर त्यांची वजने मात्र असमान घ्यावी लागतात. रसायनशास्त्रज्ञापुढील पेच नेमका हाच आहे : अभिक्रिया होते ती कणांच्या संख्येच्या प्रमाणात, तराजूवर मात्र वस्तुमान मिळते. २४ ग्रॅम मॅग्नेशिअम व १६ ग्रॅम ऑक्सिजन यांपासून ४० ग्रॅम मॅग्नेशिअम ऑक्साइड होते, कारण या असमान वजनांत अणूंची संख्या समान आहे. हा पेच आधी उभा केला, तर मोल ही सोडवणूक म्हणून येते. अन्यथा ती आणखी एक व्याख्या म्हणून येते.

इतिहासही येथे साहाय्यक आहे. डाल्टनने १८०८ साली पाण्यात एक हायड्रोजन व एक ऑक्सिजन अणू मानला. त्यामुळे ऑक्सिजनचे सापेक्ष अणुवस्तुमान आजच्या निम्म्याहूनही कमी आले. अव्होगाड्रोने १८११ साली सुचविलेली दिशा जवळजवळ अर्धशतक दुर्लक्षित राहिली. १८६० सालच्या कार्ल्सरूह परिषदेनिमित्त कॅनिझारोच्या मांडणीचा प्रसार झाला, तेव्हा अणुवस्तुमानांचा गोंधळ निवळू लागला. त्या परिषदेस उपस्थित असलेल्या मेंडेलीव्हने पुढे १८६९ साली आवर्तसारणी मांडली. जी गोष्ट समजण्यास युरोपातील रसायनशास्त्रज्ञांना पन्नास वर्षे लागली, ती चौदा वर्षांच्या मुलाला चार तासिकांत समजत नसेल, तर तो मंदबुद्धी ठरत नाही.

मोलच्या व्याख्येत झालेला बदलही नोंदविला पाहिजे. १९७१ साली मोलचा आंतरराष्ट्रीय एककपद्धतीत समावेश झाला, तेव्हा ती १२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणूंच्या संख्येवरून ठरविली होती. २० मे २०१९ पासून ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात हा नेमका अंकच व्याख्येत निश्चित करण्यात आला. नववीचे पुस्तक त्यापूर्वी, २०१७ साली लागू झाले असल्याने शिक्षकाने हा बदल स्वतः सांगणे आवश्यक ठरते.

आम्ल, आम्लारी आणि क्षार :
मराठी परिभाषेचे सामर्थ्य व तिचा पेच दोन्ही या प्रकरणात एकत्र दिसतात. 'आम्लारी' म्हणजे आम्लाचा अरी, आम्लाचा शत्रू. उदासिनीकरणाची संपूर्ण कल्पना या एका शब्दात सामावली आहे. इंग्रजी 'बेस' या शब्दातून विद्यार्थ्याला असे काहीच मिळत नाही. मात्र शब्दाची फोड करून दाखविली नाही, तर 'आम्लारी' हेदेखील पाठांतराचे एक नाव उरते.

'क्षार' या शब्दाची कथा गुंतागुंतीची आहे. शालेय मराठीत क्षार म्हणजे आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेतून होणारे संयुग. हिंदीत त्याला 'लवण' म्हणतात आणि 'क्षार' हा शब्द अल्कासाठी वापरतात. आयुर्वेदातही जवाच्या राखेपासून मिळणारा यवक्षार अल्कधर्मीच आहे. स्वयंपाकघरातील पापडखारात हाच 'क्षार' शब्द 'खार' होऊन राहिला आहे आणि त्याचे द्रावण लाल लिटमस निळे करते, हळदीला लाल करते. मग विद्यार्थ्याने क्षार म्हणजे काय समजावे ?

हा गोंधळ टाळण्याऐवजी त्याचा उपयोग करून घेता येईल. पापडखारातील सोडिअमची कार्बोनेट वर्गातील संयुगे शालेय अर्थाने क्षारच आहेत. परंतु ती तीव्र आम्लारी व सौम्य आम्ल यांच्यापासून झालेली असल्याने त्यांचे द्रावण उदासीन नसते. 'आम्ल अधिक आम्लारी बरोबर उदासीन क्षार' हे ठोकळेबाज सूत्र येथे मोडते आणि प्रत्येक क्षाराच्या द्रावणाचा सामू सात का नसतो, हा खरा रासायनिक प्रश्न उभा राहतो. घरातील डबा व वर्गातील व्याख्या यांच्यातील विसंगती हाच धड्याचा प्रारंभ होऊ शकतो.

'सामू' या शब्दाबाबतही असेच म्हणता येईल. तो मराठी विद्यार्थ्याला कृत्रिम वाटतो अशी तक्रार केली जाते. प्रत्यक्षात माती परीक्षणाच्या अहवालातून हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला आहे. ऊसपट्ट्यातील शेतकरी क्षारयुक्त जमीन व चोपण जमीन असा भेद करतो. पहिलीत विद्राव्य क्षार साचलेले असतात व मुख्य उपाय निचऱ्याचा असतो. दुसरीत मातीच्या कणांना सोडिअम चिकटलेला असतो, सामू ८.५ च्या वर जातो आणि जिप्सम घालावे लागते. जिप्सममधील कॅल्शिअम सोडिअमची जागा घेतो व सुटा झालेला सोडिअम सल्फेटच्या रूपाने पाण्याबरोबर निघून जातो. आयनांची अदलाबदल शिकविण्यास याहून जिवंत उदाहरण सांगली-कोल्हापूरकडील विद्यार्थ्याला कोणते मिळणार ?

ऑक्सिडीकरण व क्षपण :
'ऑक्सिजन' हे नाव लॅव्हॉझिएने 'आम्ल निर्माण करणारा' या अर्थाने दिले. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतो, अशी त्याची समजूत होती. डेव्हीने १८१० साली क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे प्रतिपादन केल्यावर हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नाही हे स्पष्ट झाले. नाव मात्र कायम राहिले. 'ऑक्सिडीकरण' या संज्ञेचेही तसेच आहे. ऑक्सिजनशी संयोग या मूळ अर्थापासून ती इलेक्ट्रॉन गमावण्यापर्यंत विस्तारली, परंतु नाव ऑक्सिजनचेच राहिले.

दहावीच्या पुस्तकात ऑक्सिजनचा स्वीकार व हायड्रोजनचा त्याग या अंगाने ऑक्सिडीकरणाची ओळख होते. इलेक्ट्रॉनांची देवघेव नंतर व थोडक्यात येते. विस्थापन अभिक्रिया याच प्रकरणात, परंतु स्वतंत्र प्रकार म्हणून आधीच शिकविलेली असते. परिणामी, मोरचुदाच्या द्रावणात जस्त टाकल्यास तांबे वेगळे होते, हेही ऑक्सिडीकरण व क्षपणच आहे, हा दुवा अनेक विद्यार्थ्यांकडून निसटतो.

द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रण तयार करताना मोरचूद व चुन्याचे द्रावण एकत्र करतो आणि त्यात लोखंडी विळा किंवा सळी बुडवून पाहतो. लोखंडावर तांबूस थर आला, तर चुना कमी पडला असे समजून तो आणखी चुना घालतो. या चाचणीत लोखंड इलेक्ट्रॉन गमावते व तांब्याचे आयन ते घेतात. ऑक्सिजनचा येथे संबंधही नाही. ज्या विद्यार्थ्याने ही चाचणी बागेत पाहिली आहे, त्याला ऑक्सिडीकरणाची व्यापक व्याख्या अपरिचित वाटण्याचे कारण नाही. पाठ्यपुस्तक व बाग यांच्यामध्ये पूल बांधण्याचे काम तेवढे शिल्लक राहते.

समारोप :
वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.
१) मराठी परिभाषा बव्हंशी अर्थवाही आहे. 'संयुजा', 'आम्लारी', 'संयुग' या संज्ञा इंग्रजी प्रतिशब्दांपेक्षा अधिक बोलक्या आहेत. त्यांची फोड मात्र वर्गात झाली पाहिजे.
२) 'अणू' व 'क्षार' या संज्ञांचा हिंदीतील वेगळा अर्थ, तसेच आयनिक संयुगांसाठी 'रेणू' हा शब्द वापरण्यातील धोका, पाठ्यपुस्तकात स्पष्ट करणे आवश्यक आहे.
३) प्रत्येक संकल्पनेपूर्वी ती ज्या पेचातून निर्माण झाली तो पेच मांडला गेला पाहिजे. तिरकस गुणाकारासारख्या रीतीसोबत तिची मर्यादाही सांगितली पाहिजे.
४) दिसणारा पदार्थ, न दिसणारे कण व चिन्हे या तीन स्तरांपैकी आपण कोणत्या स्तरावर बोलत आहोत, हे शिक्षकाने प्रत्येक वेळी स्पष्ट करावे.

महाविद्यालयीन अध्यापकांनाही या प्रश्नापासून अलिप्त राहता येणार नाही. माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षक महाविद्यालयांतूनच पदवी घेऊन बाहेर पडतो. पदवीच्या वर्गात त्याला 'मिठाचा रेणू' कोणी दुरुस्त करून दिला नाही, तर तोच रेणू तो पुढे नववीच्या फळ्यावर काढतो आणि काही वर्षांनी तो त्याच महाविद्यालयाच्या दाराशी परत येतो. कच्च्या पायाची तक्रार करताना, तो पाया बांधणारे हात कोठे घडले, याचाही विचार होणे अगत्याचे आहे. प्रथम वर्षाच्या आरंभी मराठी व इंग्रजी संज्ञा शेजारी-शेजारी ठेवून, कणांची चित्रे काढून घेऊन, या पाच-सहा संकल्पनांची उजळणी रसायनशास्त्र विभागाने घेतली, तर हे चक्र एका बिंदूवर तरी खंडित होईल.